बाळाच्या बंधाला नाव देताना : टाळणारं बाळ, विस्कळीत बाळ आणि खरा आजार

अबोली (धागाकर्ती)

मी लहान मुलांच्या पालकांसाठी समुपदेशक म्हणून काम करते. हल्ली येणारे बरेच आईबाबा बाळाचं निदान घरूनच करून आणतात. "आमचं बाळ अव्हॉयडंट आहे." "मुलीला अटॅचमेंट डिसऑर्डर आहे, आता काय करायचं?" कुठेतरी दहा प्रश्नांची चाचणी सोडवलेली असते आणि आईचे डोळे सुजलेले असतात. दोन अगदी वेगळ्या वर्गवाऱ्या एकाच शब्दाखाली मिसळल्यामुळे हा त्रास होतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली वर्गवारी संशोधकांची. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने मांडलं की बाळाचं एका विशिष्ट माणसाला धरून राहणं, म्हणजेच बंध किंवा 'अटॅचमेंट', ही भुकेइतकीच मूलभूत गरज आहे. त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ आधी युगांडात आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये घरोघरी जाऊन आया आणि बाळं यांचं निरीक्षण करत होती. त्यातून तिने 'स्ट्रेंज सिच्युएशन' नावाची पद्धत बसवली. साधारण १२ ते १८ महिन्यांचं बाळ, अनोळखी खोली, थोडी खेळणी, आई आणि एक अनोळखी बाई. सुमारे तीन-तीन मिनिटांचे एकूण आठ टप्पे, त्यात आई दोनदा बाहेर जाते आणि दोनदा परत येते.

आई गेल्यावर बाळ किती रडतं हे इथे मोजतात, असा सर्वत्र समज आहे. मुख्य नजर असते ती आई परत आल्यावर बाळ काय करतं यावर.

आई आली की काही बाळं तिच्याकडे झेपावतात, कुशीत शांत होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा खेळाकडे वळतात. हा सुरक्षित बंध. काही बाळं आई आली तरी मान वर करत नाहीत, खेळण्यात डोकं घालून बसतात. हा टाळणारा, म्हणजे 'अव्हॉयडंट', बंध. काही तिला घट्ट बिलगतात आणि त्याच क्षणी पाय झाडून ढकलतातही, कितीही थोपटलं तरी शांत होत नाहीत. हा द्विधा बंध. एन्सवर्थने त्यांना अनुक्रमे बी, ए आणि सी अशी अक्षरं दिली. १९७८च्या तिच्या पुस्तकात हे सगळं आलं आहे.

पण काही बाळं कुठल्याच खणात बसेनात. मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी अशा बाळांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या. बाळ आईकडे रांगत निघतं, पण मान उलट दिशेला. अर्ध्या वाटेत थिजून उभं राहतं. आई दारात दिसताच हाताने तोंड झाकतं. त्यांनी १९८६मध्ये याला 'विस्कळीत' असं नाव दिलं, तो डी गट. मेन आणि एरिक हेसे यांचं स्पष्टीकरण मला वाचताना आजही अंगावर काटा आणतं: ज्या माणसाकडे भीती वाटल्यावर धावायचं, त्याच माणसाची भीती वाटत असेल, तर बाळाने जायचं कुठे?

दुसरी वर्गवारी डॉक्टरांची, म्हणजे आजारांच्या निदानाची. तिथे ए, बी, सी, डी काहीच नाही. तिथे दोन विकार आहेत: 'रिॲक्टिव्ह अटॅचमेंट डिसऑर्डर' आणि 'डिसइनहिबिटेड सोशल एंगेजमेंट डिसऑर्डर'. पहिल्यात मूल दुखलंखुपलं तरी कोणाकडेच जात नाही, कोणी जवळ घेतलं तरी सांत्वन स्वीकारत नाही. दुसऱ्यात मूल कोणाही अनोळखी माणसाबरोबर बिनदिक्कत निघून जातं. दोन्हींसाठी एक अट आहे: मुलाची टोकाची आबाळ झालेली असली पाहिजे. सतत दुर्लक्ष, सांभाळणारी माणसं वारंवार बदलणं, किंवा जिथे एका माणसाशी नातं जुळूच शकत नाही अशा संस्थेत वाढणं.

टाळणारं बाळ आजारी नसतं, द्विधा बाळही नसतं. त्यांनी आपापल्या माणसाबरोबर राहण्याची एक रीत शोधलेली असते. विस्कळीत हे वर्गीकरणसुद्धा निदान नाही. हे लक्षात राहिलं तरी माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या आयांची झोप परत येईल.

पहाटवारा

खूप दिवसांनी इतका नीट लिहिलेला धागा वाचला. धन्यवाद. वाचनखूण साठवली.

रानपाखरू

अबोलीताई, मी त्याच सुजलेल्या डोळ्यांपैकी एक. मुलगी १३ महिन्यांची आहे. ती दहा महिन्यांची असताना मी नोकरीवर परत गेले. संध्याकाळी घरी आले की ती माझ्याकडे बघतच नाही, आजीच्या मांडीवर खेळत राहते. घरातल्या एकीने सगळ्यांसमोर "विसरली बघ तुला" असं म्हटलं. नंतर मी ती चाचणी सोडवली आणि उत्तर आलं टाळणारा बंध. खरं सांगा, उशीर झालाय का?

अबोली

रानपाखरू, आधी श्वास घ्या. तुमच्या घराच्या दारात जे घडतं त्यावरून हे वर्गीकरण करताच येत नाही. ती खोली मुद्दाम अनोळखी ठेवतात, कारण बाळावर थोडा ताण आला की मगच त्याची धाव कुणाकडे आहे ते दिसतं. तुमची मुलगी तिच्या घरात, आजीच्या मांडीवर, अगदी निवांत आहे. तिला त्या क्षणी कोणाकडे धावायची गरजच नाही. शिवाय चित्रफिती पाहून गुण देणारे लोक त्यासाठी महिनोन्महिने प्रशिक्षण घेतात. दहा प्रश्नांत ते होत नाही.

पाहायचंच असेल तर वेगळ्या वेळी पाहा. पडली, दचकली, ताप आला, झोपेला आली, तेव्हा ती काय करते? तुम्ही जवळ घेतल्यावर निवते का?

नोकरीबद्दल: अमेरिकेत १९९१पासून हजाराहून अधिक बाळांचा अनेक वर्षं पाठपुरावा करणारा मोठा सरकारी अभ्यास झाला. बाळाला दुसऱ्या कोणी सांभाळलं एवढ्याच कारणाने आईशी असलेला बंध असुरक्षित होतो, असं त्यात आढळलं नाही. आईचा बाळाला मिळणारा प्रतिसाद कमी आणि त्यात बाहेरची देखभालही निकृष्ट किंवा दीर्घ तासांची, असं एकत्र आलं तेव्हा धोका वाढलेला दिसला.

तळटीप

धागा चांगला आहे, पण टाळणाऱ्या बाळांबद्दल एक भर घालतो, कारण 'थंड बाळ' हा गैरसमज फार पसरलेला आहे. आई बाहेर गेल्यावर खेळत राहणाऱ्या या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले. चेहरा शांत, पण ठोके वाढलेले. म्हणजे त्यांना काही वाटत नाही असं नाही. दाखवून उपयोग होत नाही, किंवा दाखवलं की समोरचं माणूस आणखी लांब जातं, हे ती वर्षभरात शिकलेली असतात.

दुसरं म्हणजे आकडे. १९८८मध्ये व्हॅन आयझेनडोर्न आणि क्रूनेनबर्ग यांनी आठ देशांतले ३२ अभ्यास, जवळपास दोन हजार बाळं, एकत्र करून पाहिली. साधारण ६५ टक्के सुरक्षित, २१ टक्के टाळणारी, १४ टक्के द्विधा. (डी गट त्या हिशेबात नव्हता.) मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: दोन देशांमध्ये जितका फरक होता त्याच्या दीडपट फरक एकाच देशातल्या वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये होता. त्यामुळे "अमुक देशातली बाळं अशीच" ही वाक्यं मी ऐकून सोडून देतो.

तरी फरक आहेतच. उत्तर जर्मनीतल्या बीलफेल्डमध्ये ग्रोसमान दांपत्याच्या अभ्यासात जवळपास निम्मी बाळं टाळणारी निघाली. जपानमधल्या सापोरोत ताकाहाशींच्या ६० बाळांमध्ये टाळणारं एकही नाही, आणि सुमारे एक तृतीयांश द्विधा. तिथली बाळं आईपासून क्वचितच वेगळी राहिलेली. तीन मिनिटं एकटं राहणं हा त्यांच्यासाठी सौम्य ताण नव्हता, आकांतच होता. मग ती शांत झाली नाहीत याचा अर्थ बंध बिघडला असा काढायचा, की मोजपट्टी त्या बाळांसाठी फार कठोर होती असा? मी दुसऱ्या बाजूने आहे.

जुनाजाणता

सगळं ठीक, पण मूळ बोल्बीनेच सांगितलं आहे ना की आईने पहिली तीन वर्षं घरीच राहावं? मग नोकरीला सूट देणारे अभ्यास कशाला शोधायचे?

तळटीप

असं त्याने लिहिलेलं नाही. १९५१च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात त्याने आई किंवा आईच्या जागी कायम असणारी व्यक्ती असं म्हटलं आहे, आणि जोर आहे नात्याच्या ऊबेवर व सातत्यावर. आईशिवाय दुसऱ्या कोणाकडेच बाळ जाऊ नये असा अर्थ लोकांनी काढला. १९६४मध्ये शाफर आणि इमर्सन यांनी ग्लासगोतली ६० बाळं पाहिली. दीड वर्षाची होईतो त्यातल्या बहुतेकांचा बंध एकाहून जास्त माणसांशी जुळलेला होता: वडील, आजी-आजोबा, भावंडं. आणि वर्गीकरण बाळाचं नसतं, त्या दोघांमधल्या नात्याचं असतं. तेच बाळ आईबरोबर टाळणारं आणि वडिलांबरोबर सुरक्षित असू शकतं. रानपाखरूंच्या मुलीला आजी आहे ही तिची श्रीमंती आहे.

जुनाजाणता

हे माहीत नव्हतं. मागे घेतो.

वाटसरू

इथे पहिल्यांदाच लिहितोय. आमची मुलगी दोन वर्षांची असताना दत्तक आली. त्याआधी ती एका संस्थेत होती. कोणाला दोष द्यायचा नाही, तिथल्या मावश्या प्रेमळ होत्या, पण पाळ्या बदलत राहायच्या आणि मुलं खूप होती.

घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी ती सगळ्यांच्या मांडीवर जाऊन बसली. सगळे म्हणाले, "किती गोड, लगेच रुळली!" आम्हालाही आनंद झाला. दोन आठवड्यांनी दवाखान्यातल्या रांगेत तिने शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरला आणि ती त्याच्याबरोबर दारापर्यंत गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. तो माणूस भला होता, त्यानेच आम्हाला हाक मारली. त्या रात्री बायको म्हणाली, "तिला आपण आणि तो माणूस यात फरकच वाटत नाही." हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही.

पुढे अनेक भेटींनंतर बालमनोविकारतज्ज्ञांनी निदान केलं: डिसइनहिबिटेड सोशल एंगेजमेंट डिसऑर्डर. आता ती सात वर्षांची आहे. रात्री वाईट स्वप्न पडलं की आईलाच बिलगते. दुखलं की मला शोधते. तरीही अनोळखी माणसाशी दोन मिनिटांत गळ्यात गळे घालते. आमच्यावर जीव जडलेला असताना हे का राहतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

अबोली

वाटसरू, मनापासून धन्यवाद. तुम्ही विचारलेल्या प्रश्नामुळेच तज्ज्ञांना त्यांची वर्गवारी बदलावी लागली.

रिॲक्टिव्ह अटॅचमेंट डिसऑर्डर हा विकार अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तकात पहिल्यांदा १९८०मध्ये आला. १९९४च्या आवृत्तीत एकाच आजाराचे दोन उपप्रकार होते, एक मिटलेल्या मुलांचा आणि एक अतिमोकळ्या मुलांचा. दोन्हींमागे बंधाचा अभाव आहे असं गृहीत धरलेलं. पण अशी मुलं चांगल्या घरात गेल्यावर काय होतं, हे पाहणाऱ्यांना काही वेगळंच दिसत होतं.

चाउशेस्कूची राजवट १९८९मध्ये कोसळल्यावर रोमानियातल्या अनाथालयांची अवस्था जगासमोर आली. पुढे तिथे बुखारेस्ट प्रकल्प उभा राहिला. नेल्सन, फॉक्स आणि झीना हे त्याचे प्रमुख. संस्थांमधली १३६ मुलं, वय ६ ते ३१ महिने. चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची विभागणी केली: निम्मी खास तयार केलेल्या पालक-कुटुंबांत, निम्मी नेहमीच्याच व्यवस्थेत. कुटुंबांत गेलेल्या मुलांमधली मिटलेपणाची लक्षणं झपाट्याने ओसरली. अतिमोकळेपणा मात्र कितीतरी जास्त चिवट ठरला. नवीन माणसांवर जीव जडलेल्या मुलांमध्येही तो राहिला. म्हणजे तुमच्या घरात दिसतं तेच.

म्हणून २०१३च्या पाचव्या आवृत्तीत दोन स्वतंत्र विकार झाले. दुसऱ्याच्या नावातून 'अटॅचमेंट' हा शब्दच काढला, आणि दोघांना आघात व ताणाशी संबंधित विकारांच्या गटात ठेवलं. तुमची मुलगी अनोळखी माणसाकडे जाते याचा अर्थ ती तुमची झाली नाही असा होत नाही. ते नावच बदललं त्यामागे हे कारण आहे. हे तुम्हाला निदानाच्या दिवशीच कोणीतरी सांगायला हवं होतं.

वाटसरू

कोणी सांगितलं नव्हतं. बायकोला आत्ता वाचून दाखवलं. बाकी नंतर लिहितो.

तळटीप

याच संदर्भात बार्बरा टिझार्डचं काम आठवलं. १९७०च्या दशकात तिने लंडनच्या निवासी शिशुगृहांतली साडेचार वर्षांची २६ मुलं पाहिली. खाणंपिणं, खेळणी, बोलणं सगळं उत्तम, फक्त सांभाळणारी माणसं सतत बदलती. आठ मुलं मिटलेली, दहा कोणाच्याही मागे लागणारी, आणि आठ मुलांनी मात्र कर्मचाऱ्यांतलं एक आपलं माणूस निवडलं होतं. पुढचे दोन प्रकार तिथे आधीच दिसत होते. त्या शेवटच्या आठांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

शुभदा

माझा भाचा अडीच वर्षांचा आहे. हाक मारली तर बघत नाही, पडला तरी कोणाकडे येत नाही. घरात सगळे जीव लावणारे आहेत. हा रिॲक्टिव्ह प्रकार असेल का?

स्टेथो

मी बालरोगतज्ज्ञ आहे. न तपासता निदान करणार नाही, पण दिशा सांगतो. ज्या मुलाची आबाळ झालेली नाही त्याला हे निदान लागत नाही. मूल विकासाच्या दृष्टीने किमान ९ महिन्यांचं हवं, लक्षणं पाच वर्षांच्या आत दिसलेली हवीत, आणि त्यांचा खुलासा स्वमग्नतेने होत नसला पाहिजे. तुम्ही सांगताय त्यात मला आधी ऐकू येतं का आणि स्वमग्नता आहे का हे तपासावंसं वाटेल. श्रवण चाचणी करून घ्या, विकासतज्ज्ञांना दाखवा, आणि हे याच महिन्यात करा. स्वमग्न मुलंही आईबाबांशी बंध जोडतात, पुष्कळदा सुरक्षितच. ते दाखवायची त्यांची पद्धत निराळी असते.

शुभदा

धन्यवाद डॉक्टर. बहिणीला आजच फोन करते.

मातीचा_दिवा

एका ठिकाणी आम्हाला 'धरून ठेवण्याची थेरपी' सुचवली आहे. मुलाला घट्ट आवळून धरायचं, तो चिडला-रडला तरी सोडायचं नाही, राग बाहेर पडला की तो जवळ येईल म्हणे. मूल पाच वर्षांचं, पालकगृहातून आलेलं. कोणाला अनुभव?

स्टेथो

करू नका. कृपा करून करू नका. २००० साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत अशाच 'पुनर्जन्म' म्हणवणाऱ्या उपचारात दहा वर्षांच्या एका मुलीचा गुदमरून मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी त्या राज्याने या प्रकारावर कायद्याने बंदी घातली. २००६मध्ये बाल-अत्याचारविषयक तज्ज्ञांच्या अमेरिकी गटाने बळजबरीच्या अशा सगळ्या पद्धतींविरुद्ध स्पष्ट अहवाल दिला. भीतीमुळे दुरावलेल्या मुलाला भीती घालून जवळ आणता येत नाही.

अबोली

स्टेथोंशी शंभर टक्के सहमत. अशा ठिकाणांची खूण सांगते: त्यांच्या लक्षणांच्या यादीत खोटं बोलणं, चोरी, आगीशी खेळणं, प्राण्यांना छळणं असं काहीही असतं, आणि त्या सगळ्याला 'अटॅचमेंट डिसऑर्डर' म्हणतात. अधिकृत निकषांत यातलं काहीच नाही.

मातीचा_दिवा

उद्याची वेळ रद्द केली.

केतकी

मला एक शंका आहे. ए आणि सी आजार नाहीत, आणि खरे दोन विकार आबाळ झालेल्या मुलांना. मग मधल्या मुलांचं काय? आईवडील आहेत, बंध आहे, पण तो बंधच मुलाला जाच करतोय. अशी मुलं कुठल्या खणात?

अबोली

नेमकी हीच फट आहे आणि मला स्वतःला ती फार छळते. चार्ल्स झीना आणि नील बोरिस यांनी ती भरायचा प्रयत्न केला. त्यांनी तीन गट सुचवले: बंधच नसणं, बंध अचानक तुटणं, आणि बंध असून विकृत झालेला असणं. तिसऱ्यात चार चित्रं आहेत. एक मूल आई जवळ असताना मुद्दाम स्वतःला धोक्यात घालतं, रस्त्यावर धावतं, उंचावर चढतं, जणू तिचं लक्ष तेवढ्यानेच मिळेल. दुसरं इतकं चिकटतं की खेळायला जातच नाही. तिसरं सतत सावध, सांगितलेलं तत्क्षणी ऐकणारं, कारण समोरच्या माणसाची धास्ती आहे. आणि चौथं, जे मी खोलीत पाहिलं की मला तो दिवस जड जातो: मूलच आईला सांभाळतं. तिची समजूत घालतं, तिचा मूड बघून वागतं. तीन वर्षांचं मूल.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या पुस्तकात यांना जागा मिळाली नाही. लहान बाळांसाठी स्वतंत्र निदान-पुस्तक आहे, 'झीरो टू थ्री' या संस्थेचं. त्याच्या २०१६च्या आवृत्तीत एका विशिष्ट नात्यापुरता मर्यादित असा विकार मान्य केला आहे. बाळ आजारी नाही, हे नातं आजारी आहे, असं लिहिता येतं. मला ही सर्वांत प्रामाणिक वर्गवारी वाटते.

तळटीप

डी गटाबद्दल एक सावधगिरी. छळ झालेल्या बाळांमध्ये विस्कळीत वर्तन पुष्कळ जास्त दिसतं, हे खरं. पण कमी धोक्याच्या सामान्य घरांतही साधारण १५ टक्के बाळं त्या गटात येतात. त्यामुळे "डी आहे म्हणजे घरात मारहाण होत असणार" असं म्हणता येत नाही. काही ठिकाणी मुलांच्या ताब्याचे निर्णय असे व्हायला लागले, तेव्हा २०१७मध्ये या विषयातल्या अनेक मोठ्या संशोधकांनी, स्वतः मेन आणि सॉलोमन यांच्यासह, एकत्र लेख लिहून विरोध केला. आईने स्वतःचं दुःख पचवलेलं नसेल, तिच्या चेहऱ्यावर मध्येच भीती उमटत असेल, एवढ्यानेही बाळ थिजू शकतं. तिला शिक्षा नको, मदत हवी.

आणि मदत होते. मेरी डोझियर यांच्या घरभेटींच्या कार्यक्रमात फक्त दहा सत्रं असतात. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आबाळीचा धोका असलेल्या कुटुंबांतल्या मुलांपैकी हा कार्यक्रम मिळालेल्यांत ३२ टक्के विस्कळीत गटात राहिली, दुसरा कार्यक्रम मिळालेल्यांत ५७ टक्के. दहा सत्रांसाठी हा फरक मोठा आहे.

रानपाखरू

काल मुलीला लस दिली. सुई टोचल्यावर ती रडत डॉक्टरांच्या हातातून माझ्याकडेच झेपावली. आजी शेजारीच उभी होती. पाचेक मिनिटांनी गळ्यातली माळ ओढत खेळायला लागली. यावरून वर्गीकरण करता येत नाही, समजलं आहे. तरी सांगावंसं वाटलं.

अबोली

सांगितलंत ते बरं केलंत.

केतकी

वाटसरू, तुम्ही पहिल्या वर्षात नेमकं काय केलंत? आमची दत्तकाची प्रक्रिया सुरू आहे.

वाटसरू

फार काही शहाणपणाने केलं नाही, चुकत चुकत शिकलो. निदानानंतर काही महिने पाहुणे जवळजवळ बंद केले. भरवणं, आंघोळ, झोपवणं, लागलं-खुपलं तर जवळ घेणं, हे फक्त आम्ही दोघांनीच करायचं असं ठरवलं. नातेवाईक रुसले. त्यांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं, कारण मूल स्वतःहून त्यांच्याकडे झेपावत होतं आणि आम्ही आडवे येत होतो. तिला रागावलो नाही. प्रत्येक वेळी एकच वाक्य: "आधी बाबांना विचार."

हे वाक्य पाच वर्षं म्हणतोय. परवा बागेत एक बाई तिला झोपाळ्याकडे बोलावत होत्या. ती निघाली, चार पावलं गेली, थांबली आणि मागे वळून तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून 'नको' म्हटलं, तर ती परत आली.